आई उपलब्ध आहे

"उद्या तोंड उघडायचं नाही," मधुकर काका म्हणाला. "एक शब्द नाही. समजलं काय, पोरी?"

समजलं होतं ना. म्हणूनच तर डोकं फिरून राहिलं होतं.

हा मधुकर काका म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या मोहगावातला शिबिराचा मास्तर. दिव्यांगाच्या सर्टिफिकेटाचं शिबिर लागलं की अर्धी वस्ती याच्या ओट्यावर. चाळीस टक्क्याच्या खाली आलं तर काही भेटत नाही, हे सगळ्यायले माहीत आहे. मग काका क्लास घेते. थोडं लंगडत असशील तर जास्त लंगड. एका कानानं कमी ऐकू येते तर दोन्ही बंद ठेव. एकदा त्यानं गुणवंताच्या बापाले पूर्ण बहिरा बनवून नेलं होतं. डॉक्टर पक्का होता. तपासणी संपल्यावर तो मागून हळूच म्हणे, "बाबाजी, आपकी चप्पल कोई ले जा रहा है." म्हातारा असा गर्रकन वळला म्हणता! काका अजूनही सांगते, "क्लास बरोबर होता, पोट्टाच कच्चा निघाला." पोट्टा म्हणजे सत्तर वर्षाचा म्हातारा.

काकाचं स्वतःचं सर्टिफिकेट साठ टक्क्याचं आहे. लहानपणी पायाले काही झालं होतं म्हणते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याले डीजेसमोर नाचताना मी खिडकीतून पाहिलं आहे. कोणता पाय दुखते ते त्या दिवशी त्यालेही सांगता आलं नसतं.

तर असा हा गुरू आमच्या घरी मले शिकवाले बसला होता. मले! जिची टक्केवारी पाहून डॉक्टर स्वतःच "अरे बाप रे" म्हणाला होता.

माहं नाव करुणा. आईबाबाले वाटलं असन, मोठी होऊन पोरगी जगावर करुणा करीन. झालं उलटं. जो येते तो माह्यावरच करून जाते, अन् जाताना चहा पिऊन जाते. जन्मताना मी श्वास उशिरा घेतला. तेव्हापासून पाय काही उभे राहिले नाहीत, हात त्यायच्या मनाचे मालक आहेत, अन् बोलणं लांबत जाते. मले एक वाक्य बोलाले जेवढा वेळ लागते तेवढ्यात समोरचा माणूस तीन वाक्यं बोलून, माहं उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होते. पण डोकं शाबूत आहे. घरी बसून, लेखनिकाले सांगून सांगून बी.ए. केलं. मोबाइल एका बोटाच्या सांध्यानं चालवते. जगातलं सगळं वाचते, म्हणून तर कोणाचं पटत नाही.

"काका," मी म्हटलं, "हे टक्क्याचं शिबिर नाही. टक्का झाला माहा. इथं गरज विचारणार आहेत."

हे बोलाले मले किती वेळ लागला ते सोडा. काका माह्याकडे नाही, बाबाकडे पाहून राहिला होता. "मनोहर, गरज अन् टक्का एकच असते रे. सरकार कुठं दोन दोन मापं ठेवते? जेवढी पोरगी खराब दिसन तेवढं जास्त भेटन."

अन् बाबानं मान हलवली. माहा बाबा नगरपरिषदेत शिपाई आहे. बिचारा मनानं सोन्यासारखा आहे, पण आयुष्यभर साहेब लोकायसाठी दार उघडून उघडून त्याची मान आपोआप हलते. कोणी खिशाले पेन लावून आला की बाबा उभा राहते.

"जुना गाऊन घाला तिले," काका पुढं म्हणाला. "केस विंचरू नका. अन् लाळ आली तर पुसू नका अजिबात. डॉक्टरले दिसू द्या."

आई चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, "ते मी पुसीन."

"अवं सुमनबाई, तिच्याच भल्यासाठी..."

"बाकी तुमचं जे असन ते असू द्या. तोंड मी पुसीन."

माही आई जास्त बोलत नाही. पण एकदा बोलली की त्यावर बोलाले मधुकर काकाही नाही धजत.

आता मले काय पाहिजे होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजन. मले पेन्शन वाढवून नको होती. सायकल नको होती, सत्कार नको होता, अन् दिव्यांग दिनाले फुगे लावून जे नाश्त्याचं पाकीट देतात तेही नको होतं. मले दिवसाची एक बाई पाहिजे होती.

आई सकाळी स्वयंपाक करून, मले आंघोळ घालून, संडासले नेऊन मग कामाले जाते. संत्र्याच्या तोडीले, नाहीतर कापूस वेचाले. गाडी बायकायले घेऊन जाते ते संध्याकाळी आणून सोडते. बाबा ऑफिसले. भाऊ रोशन पुण्याले आहे, तो तिकडून फोनवर जीव लावते. शेजारची लीलाबाई दुपारी डोकावून जाते, पण ती स्वतःच काठी टेकत येते, तिच्यानं मी उचलल्या जात नाही. मग मी काय करते? मी पाणी पीत नाही. आई गेली की बाटलीकडे पाहायचंच नाही. उन्हाळ्यात, मोहगावच्या उन्हाळ्यात, जीभ टाळूले चिकटते तरी नाही. कारण प्यायलं की जावं लागते, अन् न्याले कोणी नाही. दोनदा लघवीच्या जागी इतकं दुखणं झालं की तापानं फणफणली. सौंसरचा डॉक्टर म्हणे, "पानी खूब पियो, बेटा." मी म्हटलं, पिते ना डॉक्टरसाहेब, तुम्ही या दुपारी न्याले. तो हसला. लोकायले वाटते मी गंमत करून राहिली.

मग मी दिव्यांगायच्या हक्काचा कायदा वाचला. दोन हजार सोळाचा. त्यात कलम अडतीस आहे. साध्या भाषेत असं, की ज्या दिव्यांग माणसाले जास्त आधार लागते त्यानं स्वतः अर्ज करावा, अन् सरकारच्या बोर्डानं त्याची नेमकी गरज काय ते तपासून लिहून द्यावं. मग त्या लिहिलेल्याप्रमाणे आधार द्यावा. पुढं "सरकारच्या योजनेच्या अधीन" असं शेपूट आहेच. शेपटाशिवाय कायदा अन् मांजर पाहिलं काय कोणी? पण तपासणी मागणं हा माहा हक्क, हे तर पांढऱ्यावर काळं लिहिलेलं. मी अर्ज केला. खात्यातल्या बाबूनं आधी म्हटलं असं कलमच नाही. मग म्हटलं आहे, पण मध्य प्रदेशात नाही. मग म्हटलं, मध्य प्रदेशात आहे, पण आमच्या टेबलावर नाही. मी भोपाळले तक्रार केली, एका बोटाच्या सांध्यानं. अन् काय सांगू, पांढुर्ण्याहून बोर्डाचं बोलावणं आलं. म्हणून हा सगळा क्लास भरला होता.

"काकाचं ऐकू आपण," रात्री जेवताना बाबा म्हणाला. "त्याले अनुभव आहे."

"कशाचा?" मी विचारलं. बाबानं भाताकडे पाहिलं.

सकाळी मी जुना गाऊन घातला नाही. निळा पंजाबी घालून दे म्हटलं, नाहीतर मी येतच नाही. आईनं घातला, वेणीही घालून दिली. बाबा पाहत राहिला. विनोदच्या ऑटोत मले मधे बसवलं, माही चाकाची खुर्ची मागं दोरीनं बांधली, अन् निघालो. खुर्ची रोशननं पहिल्या पगारात घेऊन दिलेली. जामसांवलीच्या मारुतीचा फाटा आला तसा विनोद म्हणे, "मनोहर भाऊ, दर्शन करून जाऊ काय? लोक लय दुरून येतात इथं. बरे होऊन जातात म्हणते."

"आम्ही बौद्ध आहोत, भाऊ," आई म्हणाली.

"मारुतीले काय फरक पडते?"

"आम्हाले पडते. तू समोर पाहून चालव."

पांढुर्ण्याची ती सरकारी इमारत. नाव सांगत नाही, खात्याचंही नाही. नाव सांगितलं की तेवढेच खराब अन् बाकी सगळे चांगले असं वाटते. बाहेर रॅम्प होता. खरंच होता, उगाच खोटं काहून बोलू? त्यावर कर्मचाऱ्यायच्या मोटारसायकली उभ्या होत्या, सावलीत राहाव्या म्हणून. विनोदनं दोन सरकवल्या. आवारात नव्या कोऱ्या ट्रायसिकली रचून ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकच्या आवरणासकट. हातानं फिरवायच्या तीनचाकी. मलेही एक भेटली होती मागच्या शिबिरात. मी म्हटलं होतं, साहेब, माहे हात चालत नाहीत. ते म्हणे, "ले लो, काम आएगी." रोग म्हशीले अन् औषध पखालीले. तिच्यावर सध्या लीलाबाई मिरच्या वाळवते.

बोर्ड तळमजल्यावर होतं, तेवढी कृपा. लांब टेबल. टेबलामागं एक डॉक्टरसाहेब, एक खात्याची मॅडम, अन् तिसरा एक साहेब जो मोबाइल पाहून राहिला होता. तो तिथं कशासाठी होता ते मले शेवटपर्यंत समजलं नाही. मले वाटते त्यालेही नसन.

मले टेबलासमोर आणलं. आई मागं उभी, बाबा बाजूले हात जोडून. डॉक्टरनं माह्याकडे एकदा पाहिलं, कागदाकडे पाहिलं अन् बाबाले विचारलं, "इसको कुछ समझता है?"

मी तोंड उघडलं. पण माहं तोंड उघडते अन् आवाज बाहेर येते, यात थोडी वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात बाबा बोलून गेला.

"नहीं साब. कुछ नहीं समझती. बिलकुल नहीं."

मले वाईट वाटलं. सरळ सांगते, लय वाईट वाटलं. हाच बाबा रोज संध्याकाळी माह्यासमोर पेपर वाचते, अन् दर बातमीनंतर विचारते, "तुले काय वाटते, करुणा?" नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत कोणाले द्यायचं तेही मले विचारून ठरवते. तो माणूस हात जोडून परक्या लोकायले सांगून राहिला होता की हिले काही समजत नाही. अन् वरून माह्याकडे पाहून डोळ्यानं खुणावून राहिला होता, गप बस म्हणून.

डॉक्टर मॅडमले सांगू लागला, "लिखिए. समझ नहीं है. पूर्ण निर्भर." मग थोडा थांबला. "वो जो संस्था है न मैडम, उसमें महिला सीट खाली है? भर्ती की सिफारिश कर देते हैं."

बाबा खूश! मान हलली. "जी साब, जी. भर्ती होने से पेन्शन कितना बढेगा?"

"पेंशन नहीं. वहीं रहेगी ये. हमेशा के लिए."

बाबाची मान अर्ध्यात थांबली. "वहीं म्हणजे? घर नहीं आयेगी?"

"घर क्या करेगी? कुछ समझती तो है नहीं. वहाँ देखभाल हो जाएगी. आप भी फ्री."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! बाबानं टेबल पकडलं. "नहीं साब! समझती है! सब समझती है! बी.ए. है साब, घर पे पेपर का मतलब मेरे को वो समझाती!"

"अभी तो आपने बोला नहीं समझती."

"झूट बोला साब."

"क्यों?"

"मधुकर भाऊने बोलने कू बोला," बाबा म्हणाला. तिसऱ्या साहेबानं पहिल्यांदा मोबाइलवरून मान वर केली.

तोपर्यंत माहा आवाज निघाला होता. मी म्हटलं, "साहेब, अर्ज मी केला आहे. मले विचारा." हळूहळू म्हटलं, पण पूर्ण म्हटलं. डॉक्टर असा चमकला, जसं काही टेबलावरचं पेपरवेट बोललं. मग त्याले लय आनंद झाला. अहाहा, काय आनंद! "अरे, ये तो बढ़िया बोलती है! बी.ए.! शाबाश बेटा, वेरी गुड!" त्यानं टाळी वाजवली. मॅडमनंही हळूच वाजवली. मले वाटलं, आता फुगा आणतात काय.

"तो फिर," डॉक्टर मागं टेकून म्हणाला, "इतनी होशियार है, तो इसको ज़रूरत किस चीज़ की है?"

ऐकलं? समजत नसन तर संस्थेत टाका. समजत असन तर गरजच काय? यायच्या पुस्तकात मधलं पानच नाही. बी.ए. झालेल्या माणसाले मुताले लागत नाही, हे मले त्या दिवशी समजलं.

"दिवसा," मी म्हटलं. "घरी कोणी नसते. मले संडासले न्याले, पाणी द्याले, एक बाई पाहिजे. रोज. दिवसभर."

मॅडमनं हिंदीत करून डॉक्टरले सांगितलं. तशी ती बरी होती, सौंसरकडचीच असावी, मराठी येत होतं तिले. डॉक्टर म्हणाला, "माँ तो है न."

अन् माही आई! ताकाले जाऊन भांडं लपवणारी माही आई! ती मागून काय म्हणते? "हाव साहेब. मी आहे ना."

आमच्याकडच्या बायकायचं हे असंच. परक्यासमोर "माह्यानं होत नाही" म्हणणं म्हणजे जसं काही चोरी कबूल करणं. कमरेले पट्टा बांधून फिरते, रात्री कूस बदलताना कण्हते, अन् साहेबानं विचारलं की हाव, मी आहे ना! अवं पण कुठं आहेस? तू तर वावरात असते! मले आईवर जेवढा राग आला तेवढा डॉक्टरवरही नाही आला.

"ठीक है," डॉक्टर म्हणाला. "अगला."

तिथल्या शिपायानं माही खुर्ची ढकलाले हात लावला. मी म्हटलं, "आई, ब्रेक लाव." आईनं लावला. सवयीनं लावला, का ते तिलेही समजलं नाही.

"आता पाणी दे."

"आता?" आई वाकून हळूच म्हणाली. "अवं इथं कुठं, घरी गेल्यावर..."

"आता दे. पूर्ण बाटली."

आईनं माह्याकडे पाहिलं. मग थैलीतली बाटली काढली, माही हनुवटी धरली अन् पाजलं. अर्धं गळ्यावरून ओघळलं, तिनं पदरानं पुसलं. मी थांबली नाही. सकाळपासून कोरडी होती. त्या टेबलासमोर, तिघायच्या डोळ्यासमोर, गटागटा प्यायली.

"ये क्या चल रहा है?" डॉक्टर म्हणाला.

मी मॅडमकडे पाहून म्हटलं, "कायद्यात लिहिलं आहे, गरज तपासायची. तुम्ही तपासली नाही, विचारून मोकळे झाले. आता तपासा. थोडा वेळ लागन."

मागं रांग होती. पण रांगेतल्या लोकायनं कुरकुर नाही केली, उलट एक बाई म्हणाली, "होऊ द्या तिचं." डॉक्टरनं माह्या बाजूनं पुढचा माणूस बोलावला, त्याचे पाय तपासले. मी मधेच, हलली नाही. माह्या पोटाले पाण्याची सवयच नाही, त्याच्यात दम कुठला? लवकरच वेळ आली.

"मॅडम," मी म्हटलं, "मले जायचं आहे."

"मम्मी ले जाएगी न."

"तुम्हीपण चला. बोर्ड आहात ना तुम्ही? पाहावं लागते."

मॅडमचा चेहरा लाल झाला. डॉक्टरकडे पाहिलं, तो खाली पाहून राहिला होता. उठली बिचारी. अशा वेळी बोर्डात बाईच उठते, हेही आलं.

दिव्यांगायचा वेगळा संडास होता. दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, सुंदर निळं. कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो सुटीवर. मग कर्मचाऱ्यायच्या संडासात. तिथं एक पायरी, अन् दार इतकं अरुंद की खुर्ची बाहेरच ठेवा लागली. आईनं मले काखेतून धरलं, मॅडमले म्हटलं पाय धरा. मॅडमनं आधी पर्स कुठं ठेवू विचारलं. ठेवली एकदाची. उचललं. पायरी चढताना आई "आई गं" म्हणाली अन् तिचा हात सुटला. ती तिथंच दाराच्या चौकटीले धरून खाली बसली. कमरेत काहीतरी भरलं होतं. आता मी पूर्ण मॅडमच्या अंगावर.

माहं वजन काही फार नाही, पण माहं अंग ऐकत नाही. घाबरलं की ताठते, इकडं धरलं की तिकडं जाते. मॅडमले दोन हात कमी पडून राहिले होते. नाडी सोडा, सलवार खाली करा, मले बसवा, बसल्यावर धरून ठेवा, नाहीतर मी एका बाजूले कलंडते. तिचं लुगडं भिजलं. घाम फुटला. तिनं तोंड फिरवलं, मले लाज वाटू नये म्हणून. मले लाज नव्हती वाटत. कोणतीही लाज माह्या वाट्याची उरलीच नव्हती, मी ती सगळी तिथं सोडून आली होती टेबलावर.

"घर पे रोज कौन करता है ये?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आई."

"और दिन में?"

"कोणी नाही."

"मग काय करते तू?" आता ती मराठीत आली होती.

"पाणी पीत नाही."

तिनं मले स्वच्छ केलं, नीट केलं, नाडीची गाठ मारली. गाठ चुकीची मारली, पण मारली. बाबाले हाक मारली, दोघांनी मिळून मले खुर्चीत बसवलं. आईले उठता येत नव्हतं. "तुम्ही व्हा पुढं, मी येतेच," आई म्हणाली, भिंतीले टेकून, डोळ्यात पाणी. बाबा तिच्यापाशी थांबला. मॅडमनं माही खुर्ची ढकलत आत नेली.

डॉक्टरसाहेब तोवर लिहून मोकळा झाला होता. सहीसुद्धा झाली होती. कागद त्यानं मॅडमपुढं सरकवला. "यहाँ आपका साइन." मॅडमनं मोठ्यानं वाचलं, मुद्दाम वाचलं असं मले वाटते: "आवेदिका शिक्षित एवं समझदार है. माता सहायता हेतु उपलब्ध एवं सक्षम है. अतिरिक्त सहायता आवश्यक नहीं."

"सर," ती म्हणाली, "माँ बाहर फर्श पर बैठी है. उठ नहीं पा रही."

"क्या हुआ?"

"इसको उठाया था."

डॉक्टर उठला. तसा तो वाईट माणूस नसन, पेशंट दिसला की हात आपोआप चालतात त्याचे. बाहेर गेला. आईचं "नोको साहेब, नोको" ऐकू आलं, मग एक जोरात कण्हणं. मग तो ओरडला, "अरे व्हीलचेयर लाओ, जल्दी!"

शिपाई पळाला. आवारात पळाला, गोदामात पळाला. तिथं फक्त ट्रायसिकली. दिव्यांगायच्या त्या अख्ख्या इमारतीत बसवून न्यायची एक खुर्ची नव्हती. तो परत आत आला, इकडंतिकडं पाहिलं, अन् सरळ माह्यासमोर येऊन उभा राहिला.

"दीदी," तो म्हणाला, "ज़रा दो मिनट के लिए उठोगी क्या?"

तिसऱ्या साहेबानं मोबाइल उलटा ठेवला. डॉक्टर दारात येऊन उभा राहिला होता. मी तोंड उघडलं अन् आवाज येईपर्यंत सगळे थांबले. थांबावंच लागलं, करतील काय?

"उठते ना," मी म्हटलं. "पण मले उठवाले माही आई लागते. ती तिकडं खाली बसली आहे."

शिपायाले आधी समजलं नाही. डॉक्टरले समजलं. तो काही वेळ दारातच होता, एक पाय आत, एक पाय बाहेर. मग आत आला, मॅडमपुढचा कागद ओढला अन् शेवटच्या दोन ओळी पेन दाबून खोडल्या.

"दिन में कितने घंटे के लिए चाहिए?" त्यानं विचारलं. बाबा बाहेर होता, आई बाहेर होती. मलेच विचारलं.

मी सांगाले लागली. मले वेळ लागते बोलाले, तेवढा वेळ तो पेन धरून बसला.